मंचावर गिटार सुरात ठेवताना : मराठवाड्यातील वादकांचे अनुभव

छत्रपती संभाजीनगरहून, धागा सुरू करताना

तार सुरात आहे की नाही हे दाखवणारा ट्यूनर कोणता घ्यावा असे नवा विद्यार्थी विचारतो, तेव्हा मी त्याला आधी विचारतो की तो वाजवणार कुठे आहे. घरातल्या शांत खोलीत मोबाइलवरचे ॲप पुरते. गणेशोत्सवाच्या मांडवात मात्र शेजारी ढोलकी आणि ऑक्टोपॅड तपासले जात असतात आणि मोबाइलच्या माइकला गिटारची तार त्या गलक्यातून वेगळी काढता येत नाही. आपल्याकडचे मंचही एका जातीचे नाहीत. संत एकनाथ रंगमंदिरासारखे बंदिस्त नाट्यगृह, महाविद्यालयाच्या मैदानावरचे स्नेहसंमेलन, जयंतीनिमित्त चौकात होणारा गायनाचा कार्यक्रम, लग्नाचे लॉन, या प्रत्येक ठिकाणी आवाज, उजेड आणि हवा निराळी असते. म्हणून जे स्वतः मंचावर वाजवतात, ध्वनियंत्रणा सांभाळतात किंवा वाद्ये दुरुस्त करतात, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. कंपन्यांच्या नावांपाशीच चर्चा थांबू नये. ट्यूनर कुठे आणि कशाशी जुळवून वापरला, हे आले तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागेल.

लातूरहून, वाद्यवृंदातील लीड गिटारवादक

मी पेडल ट्यूनरच्या, म्हणजे गिटारच्या केबलला जोडून जमिनीवर ठेवायच्या ट्यूनरच्या बाजूने लिहितो आहे. क्लिप-ऑन ट्यूनर गिटारच्या डोक्यावर बसतो आणि लाकडातून येणारे कंपन टिपतो. वाद्यवृंदात बेस आणि ड्रम सुरू असले की मंचाच्या फळ्या हादरतात, ते कंपन गिटारच्या लाकडातही उतरते आणि क्लिपवरचा काटा एका जागी ठरत नाही. पेडलचा कंपनाशी संबंध नसतो, कारण केबलमधून येणारा विद्युत संकेतच तो मोजतो. पायाने दाबताच पुढे जाणारा आवाज बंद होतो. निवेदक बोलत असताना मी तारा लावून घेतो आणि श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते पेडलचा खरा फायदा हाच आहे. अचूकतेबद्दल सांगायचे, तर बॉस कंपनीचा टीयू-3 हा पेडल ट्यूनर एक सेंटपर्यंत अचूक आहे आणि अर्धस्वराचे, म्हणजे लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचे, 100 सेंट होतात, त्यामुळे मंचावर याहून अधिक सूक्ष्मतेची गरज मला कधी भासलेली नाही.

एकापुढे एक जोडलेल्या पेडलांच्या साखळीत ट्यूनरचे पेडल नेहमी पहिले ठेवावे. डिस्टॉर्शन किंवा कोरस यांसारख्या आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या नंतर ठेवल्यास बदललेला आवाज त्याच्याकडे जातो आणि काटा गोंधळतो. जाड सहावी तार लावताना नेक पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा, गळ्याजवळचा भाग) निवडून टोनचे बटण थोडे कमी करावे आणि तार गिटारच्या गळ्यावरील बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) आसपास हलक्या हाताने छेडावी. तसे केल्याने मूळ स्वरासोबत निघणारे वरचे उपस्वर कमी होतात आणि साधारण 82 हर्ट्झचा मूळ स्वर ट्यूनरला लवकर सापडतो.

नांदेडहून, भीमगीतांच्या गायन पार्टीतील गिटारवादक

वरील सर्व गोष्टी मान्य आहेत, पण आमच्या मंचावर प्रश्न याच्याही आधी सुरू होतो. आमच्याकडे सूर पेटी ठरवते. ट्यूनर कारखान्यातून निघतो तेव्हा मधल्या सप्तकातला ए हा स्वर, म्हणजे पांढरी सहा, 440 हर्ट्झ धरून निघतो. पेटीच्या आतल्या, स्वर देणाऱ्या पितळी पट्ट्या मात्र ज्या कारागिराने घासल्या, त्याच्या कानावर आणि त्याच्या संदर्भस्वरावर अवलंबून असतात. पेटी 442 वर असेल तर फरक सुमारे 8 सेंटांचा पडतो आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. ती 445 वर असेल तर फरक जवळपास 20 सेंटांचा, म्हणजे अर्धस्वराच्या पाचव्या भागाइतका होतो. अशा वेळी ट्यूनरचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि तरीही पेटीबरोबर कॉर्ड धरताच दोन सुरांची थरथर ऐकू येते. मंचावर पेटी पुन्हा घासता येत नाही, म्हणून गिटारनेच पेटीकडे जायचे असते.

माझी पद्धत अशी आहे. कार्यक्रमाआधी पेटीवाल्या काकांना पांढरी सहा धरून ठेवायला सांगतो आणि भाता समान दाबाने चालवण्याची विनंती करतो, कारण दाब बदलला की सूरही किंचित हलतो. क्लिप-ऑन ट्यूनर पेटीच्याच लाकडी कडेला लावतो आणि काटा मध्यभागी येईपर्यंत त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे ए साठी धरलेला हर्ट्झचा आकडा, बदलत जातो. मिळालेला आकडा लक्षात ठेवून पेडलवरही तोच लावतो. टीयू-3 वर 436 ते 445 एवढी सोय आहे. त्यानंतर गायक ज्या पट्टीत गाणार, तिचा सा आणि पंचम पेटीवर वाजवून घेऊन काट्याने तपासतो, कारण एकाच पेटीतल्या सगळ्या पितळी पट्ट्या सारख्या उतरलेल्या नसतात. पेटी या मर्यादेबाहेर असेल तर ट्यूनर बाजूला ठेवतो. मग सा धरायला लावून एक तार कानाने मिळवतो, दोन सुरांची थरथर पूर्ण थांबेपर्यंत खुंटी हलवतो आणि उरलेल्या तारा त्या तारेवरून लावतो.

कीबोर्ड सोबत असेल तर त्याच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये पेटीचाच आकडा टाकायला सांगावा. चौदा एप्रिलच्या रात्री एकामागून एक पार्ट्या मंचावर येतात आणि पेटीही बदलते, म्हणून प्रत्येक नव्या पेटीबरोबर ही तपासणी मी नव्याने करतो. वयाने मोठे असलेले पेटीवादक सुरुवातीला या खटपटीकडे आश्चर्याने पाहत. आता तेच बसल्या बसल्या पांढरी सहा धरून "घे बाळा, लाव" म्हणतात.

बीडहून, महाविद्यालयात संगीत शिकवणारी शिक्षिका

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहगीतासाठी मंचावर गेल्यावर तयारीला फार थोडा वेळ मिळतो. आमच्या मुलांकडे पेडल नसतात आणि बहुतेकांच्या गिटारला पिकअपही नसतो, म्हणून मी प्रत्येकाला क्लिप-ऑन घ्यायला सांगते. तो काही शे रुपयांत मिळतो. मुलांना दोन गोष्टी मी आवर्जून शिकवते. सर्व ट्यूनरचा आकडा एकच आहे ना, हे आधी पाहावे, कारण खिशात बटण दाबले जाऊन तो नकळत बदलतो. कॅपो, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावणार असाल, तर तो लावल्यानंतर तारा पुन्हा तपासाव्यात, कारण कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, विशेषतः जाड तारा.

मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या सकाळी ध्वजवंदनानंतर उघड्यावर गाणे असते, तेव्हा ऊन आले की स्वस्त क्लिपचा पडदा अजिबात दिसत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी मी मुलांना दुकानाबाहेर येऊन उन्हात पडदा पाहायला सांगते.

जालन्याहून, चर्चच्या गायनवृंदात वाजवणारा

माझ्या गिटारच्या प्रीॲम्पमध्येच (गिटारचा विद्युत संकेत वाढवणाऱ्या आतल्या भागात) ट्यूनर आहे आणि उपासनेच्या शांत वातावरणात तो पुरेसा पडतो. मात्र त्याची नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्पची बॅटरी एकच असते. ती उतरली की ट्यूनर जातो आणि स्पीकरमधला आवाजही जातो. जॅक लावून ठेवल्यास अनेक प्रीॲम्प चालूच राहतात, म्हणून वाजवून झाल्यावर मी केबल काढून ठेवतो.

परभणीहून, ध्वनियंत्रणा चालवणारा

ध्वनियंत्रकाच्या जागेवरून एक विनंती आहे. ज्यांच्याकडे आवाज बंद करणारा ट्यूनर नाही, त्यांनी तारा लावण्यापूर्वी आमच्याकडे पाहून हात करावा, म्हणजे आम्ही तेवढा चॅनल बंद ठेवू. गायकाच्या पहिल्या आलापाआधी खुंट्या पिळल्याचा आवाज मोठ्या स्पीकरमधून गेला की मैफलीची बसलेली घडी विस्कटते. जॅक काढूनही आवाज बंद होतो, पण त्याचा मोठा फटका स्पीकरला बसतो. पेडलवाल्यांनी चांगला अडॅप्टर आणावा किंवा बॅटरी जवळ ठेवावी. आमच्याकडे वीज गेल्यावर जनरेटरवर काम चालते आणि हलक्या अडॅप्टरमधून येणारी गुणगुण आम्हाला मिक्सरवर काढता येत नाही.

धाराशिवहून, तंतुवाद्ये दुरुस्त करणारा कारागीर

माझ्याकडे येणारे अनेक जण ट्यूनर खराब झाल्याची तक्रार आणतात, आणि तपासल्यावर बहुधा दोष गिटारमध्ये निघतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेली तार प्रसरण पावते, तिचा ताण घटतो आणि सूर उतरतो. मंचावरचे जुने हॅलोजन दिवेही हेच करतात. जानेवारीच्या रात्री उघड्यावर याच्या उलट होते आणि तारा चढतात. त्यामुळे उबदार खोलीत लावलेली गिटार थेट मंचावर नेऊ नये. ती काही वेळ मंचाच्या हवेत ठेवावी आणि मग ट्यूनर लावावा. बंद गाडीत तर ती उन्हाळ्यात मुळीच ठेवू नये, कारण तिथे ब्रिजचा, म्हणजे वरच्या फळीवर तारा जिथे बांधल्या जातात त्या भागाचा, गोंद सुटतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, वरची फळी किंचित फुगते आणि तारांची उंचीही बदलते.

आता खुंटीकडे येऊ. सूर चढा झाला तर तो हव्या असलेल्या सुराच्याही खाली उतरवावा आणि मग चढवत जागेवर आणावा, म्हणजे खुंटीच्या दातांमधली ढिलाई शिल्लक राहत नाही. चढवताना मध्येच टिक असा आवाज येऊन काटा उडी मारत असेल, तर तार नटच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याजवळील खाचांच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. त्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासावे. नवी तार टाकल्यावर ती हाताने हळूच ओढून पुन्हा लावावी आणि काटा हलेनासा होईपर्यंत असेच करावे. कार्यक्रमाच्याच दिवशी तारा बदलणाऱ्यांना मी परत पाठवतो आणि आदल्या दिवशी या, असे सांगतो.

नांदेडहून, पुन्हा

कारागीर दादांनी हवेबद्दल लिहिले आहे, त्यात पेटीची भर घालतो. रात्र चढून हवा गार झाली की गिटारच्या तारा चढतात, पण पेटी तितकी सरकत नाही. म्हणून मध्यंतरानंतर मी ट्यूनरवरचा आकडा तसाच ठेवून फक्त तारा पुन्हा लावतो. आकडा पुन्हा तपासायची वेळ पेटी बदलल्यावरच येते. बीडच्या बाईंच्या मुलांना समूहगीतात पेटीबरोबर वाजवायचे असेल, तर त्यांनी सरावाच्या वेळीच त्या पेटीचा आकडा काढून तिच्या पेटाऱ्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवावी.