अनोळखी कॅमशाफ्ट कसा ओळखावा? (१२७५ सीसी ए-सीरीज इंजिन)

प्रश्न

माझ्याकडे जुन्या मिनीचे १२७५ सीसीचे ए-सीरीज इंजिन आहे. आधीच्या मालकाने ते उघडून नव्याने बांधून घेतले होते आणि आत ‘रेसिंगचा कॅम’ (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट) आहे, एवढेच मला सांगितले. पावती किंवा माहितीपत्रक काहीच मिळाले नाही. इंजिन १००० आरपीएमच्या खाली अडखळते, ३००० पर्यंत सुस्त राहते आणि त्यानंतर एकदम जोर धरते. कार्ब्युरेटरची सुई (इंधनाचे प्रमाण ठरवणारी) आणि इग्निशन टायमिंग ठरवण्याआधी हा कॅम कोणता आहे ते समजायला हवे. इंजिन न उतरवता तो ओळखता येईल का, की टोकावरचा क्रमांक वाचण्यासाठी बाहेरच काढावा लागेल?

उत्तर १

क्रमांकाच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. जुनाच कॅम पुन्हा घासून त्याला नवा आकार दिलेला असेल, तर टोकावरचा मूळ छाप तसाच राहतो आणि दिशाभूल करतो. शिवाय ज्या ब्लॉकला टॅपेटची (कॅमवर टेकून वर-खाली होणाऱ्या छोट्या तुकड्यांची) झाकणे नसतात, त्यात इंजिन उलटे केल्याशिवाय कॅम ओढून काढता येत नाही, कारण टॅपेट खाली उतरून लोबांच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) आड येतात.

त्यापेक्षा कॅम जागेवरच मोजावा. स्पार्क प्लग आणि रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर नावाच्या तरफांचा दांडा) काढून क्रँकच्या पुलीवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) बसवा. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घालून क्रँक दोन्ही बाजूंनी हलकेच अडेपर्यंत फिरवा. मिळालेल्या दोन अंशांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू). पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. मग स्टॉप काढून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे मापक) पुशरॉडच्या (टॅपेट आणि रॉकर यांमधल्या दांड्याच्या) डोक्यावर टेकवा आणि क्रँक फक्त इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. नेमका अंश चुकून पुढे गेलात, तर बरेच मागे येऊन पुन्हा पुढे जा, नाहीतर टायमिंग चेनमधली ढील तुमच्या आकड्यांत मिसळेल.

लिफ्ट (उचल) व्हॉल्व्हवर न मोजता पुशरॉडवर मोजण्याचे कारण असे की, या इंजिनाच्या मूळ रॉकरचे प्रमाण (पुशरॉडच्या किती पट व्हॉल्व्ह हलतो ते) सुमारे १.२५ असले, तरी अनेकांनी १.५ चे रॉकर बसवलेले असतात आणि मग साधा कॅमही मोठा भासतो. पुशरॉड १.२७ मिलिमीटर उचलला जातो तो अंश आणि उतरताना तेवढाच उरतो तो अंश नोंदवा. पत्रकांतली ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) कोणी किती लिफ्टपासून मोजली हे दर कंपनीगणिक बदलते, म्हणून ती थेट तुलनेला घेऊ नये, १.२७ मिलिमीटरवरचे आकडे मात्र निर्धास्तपणे ताडून पाहता येतात.

उत्तर २

वरील पद्धत योग्यच आहे, पण एकाच सिलिंडरवर थांबू नका. या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट पोर्ट असल्यामुळे शेजारचे सिलिंडर एकमेकांचे मिश्रण पळवतात. त्यावर उपाय म्हणून काही कॅमांत आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांचे टायमिंग मुद्दाम वेगळे ठेवतात. म्हणून १ आणि २ या दोन्ही सिलिंडरांची पूर्ण मोजणी करा. लिफ्ट मात्र आठही लोबांची घ्यावी.

प्रश्नकर्ता

मोजणी झाली. इनलेट टीडीसीच्या १० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या बिंदूनंतर) ४२ अंशांवर मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ४६ अंश आधी उघडून टीडीसीनंतर ६ अंशांवर मिटतो. सिलिंडर १ आणि २ मध्ये फरक एका अंशाच्या आतच आहे. रॉकर मूळचेच निघाले. लिफ्ट सात लोबांवर ७.१ मिलिमीटर, पण पुढून पाचव्या लोबावर फक्त ६.४ भरते. तीन वेळा मोजले, तेवढीच.

उत्तर १

तुमच्या आकड्यांवरून दोन्हींची ड्युरेशन १.२७ मिलिमीटरवर २३२ अंश येते. इनलेटचा मध्य टीडीसीनंतर १०६ अंशांवर आणि एक्झॉस्टचा टीडीसीच्या ११० अंश आधी, म्हणजे लोबांमधले अंतर १०८ अंश आणि कॅम २ अंश पुढे बसवलेला. मी याला रेसिंगचा म्हणणार नाही. हा रस्त्यावरच्या जोमदार वापराचा कॅम आहे आणि ३००० च्या वर जोर धरणे त्याला शोभते.

पाचवा लोब म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. तो झिजला आहे, आणि तुमचे अडखळणे काही अंशी त्याच्यामुळे असू शकते. टॅपेटची फट मोजून हा दोष कधीच सापडला नसता, कारण फट लोबाच्या गोल पाठीवर मोजतात आणि झीज होते ती नाकावर (उंच टोकावर). तेव्हा कॅम बाहेर काढावाच लागेल. हेच आकडे देऊन तशाच मापाचा नवा मागवा, मात्र आठही टॅपेट नवेच घाला. झिजलेला टॅपेट नव्या लोबाला लवकरच खाऊन टाकतो. सुई आणि इग्निशन तोवर तसेच राहू द्या.