ग्रेगरी बेट्सनला नेमकं कोणत्या खणात ठेवायचं?

कळव्याची_मुक्ता:
नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए करतेय. सेमिनारला माझ्या वाट्याला ग्रेगरी बेट्सन हा ब्रिटिश अभ्यासक आलाय, वेळ १५ मिनिटं. वाचायला घेतला आणि गरगरायला लागलं. आधी न्यू गिनीतली जमात, मग बाली, मग मनोरुग्ण, मग डॉल्फिन, मध्येच दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेवर निबंध. मैत्रीण म्हणते, सरळ ‘धरसोड वृत्ती’ म्हण आणि मोकळी हो. जन्म १९०४, वडील विल्यम बेट्सन जनुकशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडशी लग्न, मृत्यू १९८०, एवढं स्लाइडवर टाकून झालंय. या सगळ्यात काही एक धागा आहे का? कुणी वाचलंय का त्याला?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाला (ऐरोली):
मुक्ता, तुझ्या मैत्रिणीला आमच्या कंट्रोल रूममध्ये एक रात्रपाळी करायला लावली पाहिजे. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. समाजशास्त्राशी माझा संबंध शून्य. यंत्रं स्वतःला कशी सावरतात यावर लिहिणारा गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर वाचता वाचता बेट्सन हाती लागला आणि मग सुटला नाही.

जन्ममृत्यूची स्लाइड काढून टाक, विकिपीडियावर सगळ्यांना सापडते. घरचं सांगायचंच तर एवढं सांग: आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगर मेंडेलच्या नावावरून वडिलांनी याचं नाव ग्रेगरी ठेवलं. थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात मारला गेला, मधल्याने १९२२ मध्ये लंडनच्या भर चौकात स्वतःवर गोळी झाडली. विज्ञानाचं घराणं चालवायची सगळी जबाबदारी उरल्या धाकट्यावर. तो बोटीत बसून न्यू गिनीला गेला, यात मला तरी नवल वाटत नाही.

तिथे सेपिक नदीकाठी इआतमुल लोक राहतात. भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा काही करून दाखवलं, मासा मारला, सागोचं झाड तोडलं, पूर्वीच्या काळी शत्रूला मारलं, की मामा विधवेचे फाटके-मळके घागरे नेसतो, गरोदर बाईसारखं पोट दोरीने आवळतो आणि काठी टेकत, अडखळत गावभर भाच्याला शोधत फिरतो. पोरं खदाखदा हसतात. आत्याबाई मात्र पुरुषी थाटात, नटूनथटून. (आपल्याकडे मामाने भाचीला बोहल्यावर आणून उभं केलं की त्याची ड्युटी संपली!) या विधीचं नाव नावेन, आणि १९३६ मध्ये बेट्सनने त्याच नावाचं पुस्तक लिहिलं.

आता नीट बघ. त्या गावांना तेव्हा ना मुखिया, ना पोलीस. एका कुळाने बढाई मारली की दुसरं त्याहून मोठी मारणार, मग पहिलं आणखी मोठी. ही बरोबरीची चढाओढ. दुसऱ्या प्रकारात एक दाबतो, दुसरा दबतो. जितका दबतो तितका पहिल्याला जोर चढतो, की हा आणखी दबतो. दोन्ही प्रकारांना मिळून त्याने शिस्मोजेनेसिस म्हटलं. कोडं असं की दोन्हीकडे ताण वाढतच जातो, तरी गाव फुटत कसं नाही?

हे वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो. हा तर लूप, एकाच्या कृतीचा परिणाम फिरून त्याच्याकडेच येणारं चक्र! आमच्याकडे एकाच कॉलमवरचे (उंच टाकीवरचे) दोन कंट्रोलर, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करणारी यंत्रं, भांडायला लागायचे. एकाने व्हॉल्व्ह जरा उघडला की दुसरा स्वतःचा बंद करणार, मग पहिला आणखी उघडणार. चार्टवर पेन वरखाली नाचतोय, आणि पॅनलवरचा नवा ऑपरेटर ओरडतोय, व्हॉल्व्ह गेला, व्हॉल्व्ह गेला! व्हॉल्व्ह उतरवून वर्कशॉपला न्यावा तर ठणठणीत. दुसराही ठणठणीत. दुखणं दोघांच्या मध्ये. एकाचा गेन (प्रतिसादाचा जोर) कमी केला किंवा एक मॅन्युअलला (हाताने चालवायला) टाकला की पेन मुकाट्याने सरळ रेघ मारायला लागतो.

१९३६ मध्ये बेट्सनकडे फीडबॅकची, म्हणजे परिणाम फिरून कारणावरच परततो या गोष्टीची, कल्पनाच नव्हती. ती मिळाली १९४६ पासून अमेरिकेत भरलेल्या मेसी परिषदांमध्ये. वीनर, गणितज्ञ फॉन नॉयमन, मेंदूचा अभ्यासक मॅकलक, शिवाय मार्गारेट मीड, सगळे एका टेबलाशी. मग १९५८ च्या आवृत्तीला त्याने नवा उपसंहार जोडला: मामाचं सोंग हा ब्रेक आहे. सोयरिकीतल्या दोन कुळांची बरोबरीची चढाओढ ताणत चालली असताना एका बाजूचा माणूस आपणहून खालची पायरी घेतो, तीही चारचौघांत हसं करून. दाबणं-दबणं या दुसऱ्या प्रकारचा लूप चढाओढीच्या लूपला आवरतो.

आमच्या सोसायटीत हे रोज बघायला मिळतं. पार्किंगवरून ए विंगने साखळी लावली, बी विंगने कुंड्या मांडल्या, ए विंगने मोठं कुलूप आणलं, बी विंगने सिमेंटच्या कुंड्या. सेक्रेटरी शोधतोय की ‘सुरुवात कुणी केली’. दोन्ही विंगवाल्यांकडे त्याची तारखेसकट उत्तरं तयार आहेत, आणि दोन्ही खरी आहेत! गेल्या पावसाळ्यात भरतीच्या वेळी बेसमेंटचा पंप बसला तेव्हा दोन्ही विंगची माणसं गुडघाभर पाण्यात एकमेकांच्या गाड्या ढकलत होती. बाहेरचा शत्रू आला की चढाओढ थांबते, हेही बेट्सनने नोंदवलंय. पाणी ओसरल्यावर साखळी परत लागली, ती गोष्ट वेगळी.

कळव्याची_मुक्ता:
काका, मामाची गोष्ट मी ढापतेय! पण मग मनोरुग्णांचं काय? तिथे आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असं काहीतरी आहे ना? ते मला खटकलं.

सुमेधा_ठाणे:
खटकायलाच हवं. मी ठाण्यात मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून काम करते, म्हणून मध्ये पडतेय.

‘डबल बाइंड’ (दुहेरी कोंडी) या कल्पनेवरचा लेख १९५६ चा. बेट्सनबरोबर डॉन जॅक्सन, जे हेली आणि जॉन वीकलंड. त्यातला प्रसंग असा: बरा होत आलेला तरुण, आई भेटायला येते. तो आनंदाने तिच्या खांद्यावर हात टाकतो, तिचं अंग ताठरतं. तो हात काढतो, तर ती विचारते, आता मी तुला आवडत नाही का? तो लाजून लाल होतो, तर म्हणते, भावनांना एवढं घाबरू नये रे. तोंड एक सांगतंय, अंग दुसरं. शिवाय ‘आई, तू दोन गोष्टी बोलतेयस’ असं म्हणायची सोय नाही आणि नातं सोडून जायचीही नाही. तिन्ही दारं बंद.

निरीक्षण जबरदस्त आहे. पण हे आजाराचं कारण आहे, असं पुढच्या संशोधनात टिकलं नाही. अशा सिद्धांतांपायी कितीतरी आयांना विनाकारण अपराधी ठरवलं गेलं. माझ्यासमोर बसलेली आई आधीच विचारत असते, ‘आमचं काय चुकलं?’ तिला हा लेख ऐकवणं म्हणजे क्रूरपणा. मला राग येतो तो याचा, की ज्याने ‘बिघाड एका माणसात शोधू नका’ म्हटलं, त्याच्याच नावावर लोकांनी एक माणूस पकडला. जमेची बाजू ही की रुग्णाला एकटं न तपासता सगळ्या घराला एकत्र बसवून बोलायचं, या पद्धतीला त्या गटाच्या कामातून मोठं बळ मिळालं. सेमिनारमध्ये दोन्ही सांग.

वाशी_सेक्टरवाला:
काका, नवी मुंबईतलं याहून मोठं उदाहरण आपल्या होल्डिंग पाँडचं. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली. म्हणून तळी खोदली: भरतीला फ्लॅप गेट (खाडीकडची झडप) बंद, नाल्याचं पाणी तळ्यात थांबणार, ओहोटीला खाडीत जाणार. पाण्याबरोबर गाळ आला, गाळात कांदळवन उगवलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण, म्हणून गाळ काढायचा तर कोर्टाची परवानगी लागते. तोवर तळ्याची धारण क्षमता घटली, सेक्टरमध्ये पाणी. जो तो आपल्या जागी बरोबर!

आणि बेट्सनने अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या, प्रदूषित झालेल्या ईअरी सरोवराबद्दल लिहिलंय ते वाचा. घाण बाहेर टाकली म्हणता, पण ते सरोवरही तुमच्याच मनाच्या मोठ्या व्यवस्थेचा भाग आहे. ते वेडं झालं तर ते वेड तुमच्या विचारात शिरणार. ठाणे खाडीच्या वासात उभं राहून वाचलं तर जास्त पटतं.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाला (ऐरोली):
वाशीकर, सेक्टरचं पाणी आणि आमचं बेसमेंट एकाच खाडीचं देणं लागतात, त्यामुळे मुद्दा मान्य.

सुमेधाताईंच्या मुद्द्याला जोडून, मुक्ता, डॉल्फिन गाळू नकोस. हवाईत एका मादीला शिकवत होते: मासा मिळणार, पण दरवेळी नवीन काही केलं तरच. कालची उडी आज चालणार नाही. म्हणजे कालचं बरोबर ते आज चूक, आणि टाकीतून पळायची सोय नाही. ताईंनी सांगितलेलीच कोंडी. बिचारी वैतागायची, जुनंच पुन्हा पुन्हा करून दाखवायची. चौदाव्या खेळानंतर ती टाकीत भलतीच उत्तेजित झाली, आणि पंधराव्याला तिने एकामागून एक आठ ठळक प्रकार केले. त्यातले चार त्या जातीत आधी कुणी पाहिलेच नव्हते. ‘नवीन कर’ हा नियमच तिला कळला.

मात्र या गोष्टीत एक बारीक तपशील आहे, तो लोक गाळतात. शिकवणाऱ्या बाईला नियम मोडून मधूनमधून फुकटचे मासे द्यावे लागले. ते दिले नसते तर प्राणी तिच्यावर रुसून बसला असता आणि सगळा प्रयोगच बुडाला असता. म्हणजे त्या माशांचा हिशोब कामगिरीशी नव्हता, नात्याशी होता.

तर मामा ६ मिनिटं, डबल बाइंड ४, डॉल्फिन ४. उरलेल्या मिनिटात वेगळं काही सांगू नको, मॅडमचे प्रश्न येतीलच. वाचायला १९७२ चा ‘स्टेप्स टू ॲन इकॉलॉजी ऑफ माइंड’ घे, पण पहिल्या पानापासून चिकाटीने वाचायच्या भानगडीत पडू नकोस. सुरुवातीला बाप-लेकीचे छोटे संवाद आहेत, पसारा का होतो वगैरे, तेवढे एका बैठकीत होतात. ‘नावेन’ मूळातून सेमिनारनंतर वाच, ते जड आहे. माझी प्रत पेन्सिलच्या खुणांनी भरलीय, चालत असेल तर रविवारी ऐरोली स्टेशनला ये, देतो.