मंगळावरचे ठिपके आणि खानापूरच्या विहिरी

निपाणीकर (मूळ टिपण):
परग्रहावरील जीवसृष्टीची आवई दर काही वर्षांनी उठते आणि विरून जाते. १९९६ साली अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या अशनीत जिवाणूंचे अवशेष असल्याचा दावा झाला आणि त्यावर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष बोलले. २०२० साली शुक्राच्या ढगांत फॉस्फीन हा पृथ्वीवर जिवाणूंशी जोडला जाणारा वायू सापडल्याचा दावा झाला. फेरतपासणीत त्याचे प्रमाण घसरत गेले. एप्रिल २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षांवरील के२-१८बी ग्रहावरील डायमिथाइल सल्फाइडचा (पृथ्वीवर मुख्यतः सजीवांपासून होणाऱ्या वायूचा) गवगवा झाला आणि इतरांनी तीच निरीक्षणे तपासताच शंका उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२५ पासून मंगळावरील जेझेरो विवरातील ‘चेयावा फॉल्स’ हा ठिपकेदार खडक जीवसृष्टीची संभाव्य खूण म्हणून गाजत आहे. दगड हातात येईपर्यंत संशोधकांनी मौन पाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहापूरची शिक्षिका:
निपाणीकर, आपण चारही प्रकरणे एकाच दावणीला बांधलीत, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. के२-१८बीच्या बाबतीत एका ताऱ्याच्या प्रकाशातील अतिसूक्ष्म फरकावरून वायू ओळखायचा होता. येथे नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी खडकापाशी उभी होती आणि तिने त्याचा कण न् कण पाहिला. त्या चिखलदगडात सेंद्रिय कार्बन आहे, आणि ठिपक्यांत व्हिवियानाइट हे लोहाचे फॉस्फेट व ग्रेगाइट हे लोहाचे सल्फाइड असावे, असे मोजमाप सांगते. जिवाणूंवाचून सल्फेटचे सल्फाइड व्हायचे तर साधारणतः शंभराहून बऱ्याच अधिक अंशांची उष्णता लागते; हा खडक तसा तापल्याच्या खुणा मात्र आढळल्या नाहीत. निर्जीव मार्ग पूर्णपणे बंद झालेला नाही, हे संशोधकांनी ‘नेचर’मधील निबंधात स्वतःच लिहिले आहे. एवढे सांगणाऱ्याने आणखी कोणते मौन पाळायचे?

निपाणीकर:
मौनाचे म्हणाल तर खडक जुलै २०२४ मध्ये सापडला आणि त्याच महिन्यात बातमी जगभर गेली. निबंध आला त्यानंतर वर्षाहून अधिक काळाने. आधी वाजंत्री, मग लग्न, असा हा क्रम आहे.

विहीरवाले, खानापूर:
मी शिक्षक नाही. विहिरी खोदणे हा माझा वडिलोपार्जित धंदा आहे. जांबोटीच्या बाजूला जांभा फोडून खाली उतरले की तांबड्या मातीत पांढरट ठिपके, त्यांच्याभोवती गडद कडा, असे सर्रास दिसते. मी ते लहानपणापासून पाहत आलो आहे आणि मला त्यात एकदाही किडा दिसला नाही. आमच्या विहिरीत जे फुकट दिसते, त्यासाठी मंगळावर गाडी धाडायची काय गरज होती, हे बाईंनी सांगावे.

शहापूरची शिक्षिका:
विहीरवाले, आपले निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र उलटा आहे. तांबडी माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली, कुजलेली मुळे तिच्यात असली, की तेथील जिवाणू श्वसनासाठी लोह वापरतात, ते लोह विरघळून सरकते आणि मागे फिकट ठिपका उरतो. डोळ्यांना किडा दिसला नाही, म्हणजे तेथे कोणी नव्हते असे होत नाही. आपली विहीर माझ्याच बाजूने साक्ष देते आहे.

विहीरवाले, खानापूर:
म्हणजे तीस-चाळीस हात खाली उतरणारा मी अडाणी आणि फळ्यावर लिहिणाऱ्या आपण ज्ञानी! आमच्याकडे एका शाळेत सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे कुलपात होता, मुलांना तो लांबून दाखवत. अशा शिक्षणातून आलेल्यांनी आम्हाला जिवाणू शिकवावेत, हे नवल आहे.

शहापूरची शिक्षिका:
त्या कुलपाचा राग माझ्यावर काढू नका. तो मलाही आहे. आपण त्या मातीचा एक ढेकूळ आणून द्या, मी मुलांना भिंगाखाली दाखवते.

टिळकवाडीचा अभियंता:
भांडणात एक मूळ मुद्दा बुडतो आहे. विहीरवाल्यांची माती कोणाच्याच बाजूने साक्ष देऊ शकत नाही. पृथ्वीवर जिवाणू नाहीत असा थर शोधून काढणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे जिवाणूंवाचून ठिपका कसा दिसला असता, हे जांबोटीत कळणार नाही. गोकाकच्या धबधब्याखालील वालुकाश्मातही नाही आणि निपाणीच्या काळ्या बेसाल्टमध्येही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत निर्जंतुक चिखल घेऊन, कमी तापमानात तीच खनिजे होतात का, हे तपासावे लागेल. आणि बातम्यांविषयी बोलायचेच तर घरचे पाहा: चंद्रयान-३ साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, तरी आपली वृत्तपत्रे ते थेट दक्षिण ध्रुवावर उतरवून मोकळी झाली. तेव्हा कोणी मौनाची मागणी केली नाही.

निपाणीकर:
चंद्रयानाचा येथे संबंध नाही. मात्र अभियंत्यांनी जे लिहिले तेच मी म्हणतो आहे: तुलनेला निर्जीव नमुना नसेल, तर दावा कशाच्या आधारावर?

शहापूरची शिक्षिका:
दावा नाही, आव्हान आहे. निबंध छापला गेला म्हणूनच आता कोणीतरी तो प्रयोग करील. संशोधक गप्प बसले असते तर अभियंत्यांना वरचा परिच्छेद तरी कशावर लिहिता आला असता?

निपाणीकर:
ठीक आहे, तेवढे आपले म्हणणे मान्य करतो, कारण नाही केले तर आपण आणखी एक पान लिहाल. परंतु प्रयोगशाळेतला चिखल म्हणजे जेझेरो नव्हे. गंधकाच्या हलक्या आणि जड अणूंचे (समस्थानिकांचे) प्रमाण मोजल्याशिवाय निकाल लागणार नाही, आणि ते मोजमाप त्या गाडीच्या आवाक्याबाहेर आहे. या खडकाचा नमुना नळीत बंद होऊन मंगळावरच पडून आहे. तो आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि मुहूर्त २०४० पर्यंत गेला, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये नासानेच तो आराखडा परवडणारा नाही असे सांगितले.

विहीरवाले, खानापूर:
मग चीनकडून आणवा. त्यांचे यान २०२८ मध्ये निघून २०३१ च्या सुमारास दगड घेऊन परतणार, असे वाचले आहे.

टिळकवाडीचा अभियंता:
चीनचे ते यान, थिएनवेन-३, पर्सिव्हिअरन्सची नळी उचलणार नाही; ते स्वतः उतरेल तेथे खोदून तेथलाच नमुना आणेल. त्यात हे ठिपके असतीलच असे नाही. या खडकाचा प्रश्न सुटायचा असेल तर हीच नळी आणावी लागेल, आणि त्यासाठी पैसे कोण देणार याचे उत्तर या धाग्यावर कोणाकडेही नाही.