मदत हवी आहे: डबल मार्कर पॉझिटिव्ह, एनआयपीटी करू की नको? लवकर सांगा

येळ्ळूरचा_गडी
नमस्कार. मिसेस गरोदर आहे, तिची डबल मार्कर (बाळात डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचा धोका बघायची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी एनआयपीटीची (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा दोष बघायची तपासणी) चिठ्ठी दिलीय, लॅबवाला अठरा हजार म्हणतोय आणि परवापर्यंत रक्त द्या म्हणतोय. करायची की नको? बेळगावात की कोल्हापूरला? पॉझिटिव्ह ऐकल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. माहीत असेल त्यांनीच सांगा, धीर धरा वगैरे नको.

शहापूरची_काकू
अरे बाळा, धीर धर. आमच्या धाकट्या सुनेचं पण असंच काहीतरी आलं होतं, नातू आता शाळेत जातोय. सोमवारी दोघं कपिलेश्वराला जाऊन या.

नळी_आणि_सुई
पॉझिटिव्ह म्हणजे १ ला किती ते लिहा. मिसेसचं वय, आठवडे, एनटी स्कॅनचा आकडा (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी)? याशिवाय कोण काय सांगणार?

येळ्ळूरचा_गडी
बाकी सगळं नॉर्मल हाय ओ. फक्त डबल मार्करच. करू की नको एवढंच सांगा की.

निपाणी_एक्सप्रेस
नको. थेट पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढा, म्हणजे अ‍ॅम्निओ. आम्ही एनआयपीटीत पैसे घातले, दहा दिवसांनी रिपोर्ट काय, तर 'निकाल नाही'. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए ४ टक्क्यांखाली म्हणे. परत रक्त दिलं, परत तेच. तीन आठवडे डोक्याला ताप. शेवटी कोल्हापूरला जाऊन पाणीच काढलं. मग आधीच का नाही?

खानापूरची_लेक
तुमचं तसं झालं म्हणून सगळ्यांना सुई टोचायला सांगू नका. अ‍ॅम्निओत गर्भपाताचा धोका असतो, थोडा का असेना. मी ३६व्या वर्षी एनआयपीटी केली, लो रिस्क आली, शांत झोपले. दंडातून रक्त दिलं, विषय संपला.

निपाणी_एक्सप्रेस
विषय संपला कारण तुमची लो आली, ताई. हाय आली असती तर पाणी काढावंच लागलं असतं. एनआयपीटी ही चाळणी आहे, निकाल नव्हे.

खानापूरची_लेक
चाळणी आहे ते मलाही माहीत आहे. पण बारीक चाळणी आहे.

कडोली_बॉय
हे सगळं नवीन फॅड आहे. आमच्या आईच्या वेळी कुठे होतं?

नळी_आणि_सुई
आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरतो हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं. एवढं जुनं फॅड? आणि धागाकर्ते, आकडे अजून दिले नाहीत.

येळ्ळूरचा_गडी
घ्या. वय २९. १२ आठवडे ४ दिवसांना स्कॅन. एनटी १.४. नाकाचं हाड दिसलं. डाऊनसाठी १:१८०. झालं समाधान?

नळी_आणि_सुई
झालं. आता नीट वाचा. १:१८० म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या १८० बायकांपैकी एकीच्या बाळाला डाऊन, १७९ जणींच्या नाही. बऱ्याच लॅबची रेघ १:२५० ला असते, म्हणून वर 'पॉझिटिव्ह' छापलं. तो शब्द छापतात तेच चुकतंय असं माझं मत. तुमचा एनटीही चांगला आहे. जेवून घ्या आधी.
एनआयपीटी १० आठवड्यांपासून होते. बाळाचा डीएनए म्हणतात, पण तो येतो वारेतून. मुख्यतः २१, १८ आणि १३ क्रमांकाच्या गुणसूत्रांची जादा प्रत आहे का ते बघतात; २१ ची जादा म्हणजेच डाऊन. डाऊनसाठी ती चांगलीच नेमकी आहे. तुमच्या आकड्यांवर मी एनआयपीटीच म्हणेन. रक्त बेळगावात द्या, नळी तशीही बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जाते. कोल्हापूरला जाऊन काही वेगळं होत नाही.

गोकाक_गाडी
यात मुलगा की मुलगी ते पण कळतं म्हणे? लॅबवाल्याला विचारून बघा.

संपादक
गोकाक_गाडी, पहिली आणि शेवटची सूचना. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. रिपोर्टमध्ये ते छापत नाहीत.

हलग्याचा_मास्तर
नात्यातलं लग्न आहे का? मामाची मुलगी वगैरे? आपल्या भागात हेच कारण असतं.

येळ्ळूरचा_गडी
हो, मामाचीच हाय, चंदगडची. म्हणजे आमच्यामुळं झालं काय हे?

नळी_आणि_सुई
मास्तर, माणसाला अजून कशाला घाबरवताय? मामाच्या मुलीशी लग्न केल्याने डाऊन होत नाही. नात्यातल्या लग्नात धोका असतो तो दोघांकडून एकच सदोष जनुक मिळून होणाऱ्या आजारांचा. ते या एनआयपीटीत दिसतच नाहीत. थॅलेसेमियासारख्यासाठी दोघांचं रक्त वेगळं तपासतात. ते डॉक्टरांना जरूर विचारा, पण या रिपोर्टशी त्याचा संबंध नाही.

येळ्ळूरचा_गडी
बरं. आज फॉर्म आणला. संमतीपत्र कन्नडमध्ये हाय, मिसेसला एक अक्षर येत नाही. वाचून दाखवा म्हटलं तर काउंटरवरची बाई म्हणते सही करा, सगळे करतात.

कडोली_बॉय
हेच! सत्तर वर्षं हेच चाललंय. दवाखान्यात सुद्धा मराठीत कागद मिळत नाही.

हलग्याचा_मास्तर
१९५६ ला जे झालं ते...

संपादक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे भांडा.

खानापूरची_लेक
फोटो टाका, नाव-नंबर झाकून. मला कन्नड येतं, मी सांगते. न समजता सही करू देऊ नका.

येळ्ळूरचा_गडी
मेसेजमध्ये टाकलाय, अक्का. दुसरा इंग्रजी फॉर्म मी भरला. वजन, आयव्हीएफ नाही, रक्त चढवलं नाही. एक चौकट राहिलीय, जुळं विरलं होतं काय अशी. टिक करायची काय? सुरुवातीला दोन पिशव्या दिसल्या होत्या, नवव्या आठवड्याला एकीत ठोका मिळाला नाही. पण आता तर एकच बाळ हाय, म्हणून सोडली.

नळी_आणि_सुई
अहो!! हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! रक्त देऊ नका, थांबा.
गेलेल्या जुळ्याच्या वारेचा डीएनए पुढे कित्येक आठवडे आईच्या रक्तात येत राहतो. आणि असं जुळं जातं ते पुष्कळदा गुणसूत्रांच्याच दोषाने. म्हणजे दोष त्या गेलेल्याचा, आणि रिपोर्ट हाय रिस्क तुमच्या चांगल्या बाळाच्या नावावर. डबल मार्करचे रक्तातले आकडेसुद्धा अशाने बिघडतात. तुमचा १:१८० च मुळात कितपत धरायचा, हा प्रश्न आहे. डॉक्टरांना हे माहीत आहे का?

येळ्ळूरचा_गडी
नसेल. ती सोनोग्राफी माहेरी केली होती. तायी कार्ड (गरोदरपणाचं सरकारी कार्ड) इकडं नंतर काढलं.

निपाणी_एक्सप्रेस
मी पहिल्यापासून काय म्हणत होतो? पाणी.

खानापूरची_लेक
तुम्ही कारण न विचारताच म्हणत होता. पण या केसमध्ये, ठीक आहे, मी माझा हट्ट सोडते. संमतीपत्र वाचलं, त्यातही जुळ्याबद्दल कळवा असं स्पष्ट लिहिलंय.

नळी_आणि_सुई
लगेच पाणीच असंही नाही. आधी जुनी सोनोग्राफी दाखवून डॉक्टरांना नुसत्या एनटी आणि वयावर धोका काढायला सांगा. तो कमी आला तर कदाचित १८-२० आठवड्यांच्या स्कॅनपर्यंत थांबायला सांगतील. नाहीतर अ‍ॅम्निओ १६ आठवड्यांना. त्यात सुई या बाळाच्याच पिशवीत जाते, गेलेल्याची सरमिसळ नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची मुदत २४ आठवडे आहे, त्यामुळे परवाच्या परवा काही करायची घाई नाही. ती घाई लॅबवाल्याची.

येळ्ळूरचा_गडी
डॉक्टरांशी बोललो. म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, रक्त देऊ नका, शुक्रवारी जुने कागद घेऊन या. मेव्हणा उद्या चंदगडहून फाईल घेऊन येतोय. निपाणीकर, पाणी काढल्यावर त्याच दिवशी घरी सोडतात काय?

निपाणी_एक्सप्रेस
तासाभरात सोडलं. पण एसटीने नेऊ नका, गाडी करा. दोन दिवस घागर-बादली उचलू देऊ नका.

शहापूरची_काकू
आणि जेवलात का रे?

टिळकवाडी_डील्स
एनआयपीटी बेळगावात पंधरा हजारात होते, घरी येऊन रक्त नेतात. हवं असेल तर मेसेज करा.