शब्दचर्चा : ‘कम्प्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाची पानं उघडायला फार वेळ घेत होती, म्हणून गेल्या आठवड्यात सर्व्हरवर कम्प्रेशन, म्हणजे पान लहान करून पाठवायची सोय, चालू केलं. माझ्यानंतर हे काम बघणाऱ्यांसाठी सगळं मराठीत लिहून ठेवतेय. जीझिप ही कम्प्रेशनची एक पद्धत. ‘जीझिप ऑन’ ही ओळ तशीच राहील, ती आज्ञाच आहे. पण समजावताना काय लिहू? कोशातला ‘संपीडन’ लिहिला, तर आमच्या ग्रंथपालकाकांनी विचारलं, “यात पीडा कुणाला होते?”

प्रतिसाद

‘संपीडन’ चूक नाही. संस्कृत ‘पीड्’ म्हणजे मुळात दाबणं, पिळणं. आपलं ‘पिळणे’ तिथूनच आलं. ध्वनिलहरींच्या धड्यात ‘संपीडन’ आणि ‘विरलन’ ही जोडी आहे, आणि हवा दाबली जाते तिथे हा शब्द शोभतोही. ‘संक्षेप’ मात्र नको. संक्षेपात काहीतरी गाळलं जातं, जीझिपमधून एक कानामात्राही गळत नाही.

प्रतिसाद

ताई, शब्द ठरवण्याआधी आत काय चालतं ते बघू या.

आरतीचं पुस्तक उघडा. ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण छापलेलं असतं. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसते पहिले एकदोन शब्द आणि ‘धृ०’. गाणारा मात्र अख्खं ध्रुवपद म्हणतो, काही सुटत नाही. जीझिप हेच करतं. झिव्ह आणि लेम्पेल यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही युक्ती आहे : आलेला मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ एवढीच खूण ठेवायची. जीझिप ३२ केबीपर्यंत मागे बघतं. वर हफमनची १९५२ ची रीत : जे वारंवार येतं त्याला आखूड खूण, जे क्वचित येतं त्याला लांब.

आपल्या लिपीला याचा भरपूर फायदा होतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मराठी’ लिहायला म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं लागतात, म्हणजे १५ बाइट. त्या तिनांतला पहिला बाइट दर वेळी तोच, दुसरा दोनांपैकी एक, आणि खरा फरक तिसऱ्यात. इतकी पुनरुक्ती असल्यावर मराठी पान कम्प्रेशन न करता पाठवणं मला तरी उधळपट्टी वाटते.

ब्रॉटली ही कम्प्रेशनची दुसरी पद्धत याच्या पुढे जाते. आपण पत्रात ‘स. न. वि. वि.’ लिहितो आणि वाचणारा ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ समजतो, कारण तो संकेत दोघांनाही आधीपासून ठाऊक असतो. तसा तेरा हजारांहून जास्त शब्दांचा कोश ब्रॉटलीच्या दोन्ही टोकांना आधीच असतो. त्यात हिंदीही आहे, म्हणजे थोडी देवनागरीही.

म्हणून मला ‘घडी’ हा शब्द हवा. साडीची घडी घातली तरी पदर, काठ, बुट्टी सगळं जागेवर असतं, उलगडली की पूर्वीसारखी. जेपेग छायाचित्राचं मात्र तसं नाही, तिथे तपशील कायमचा जातो. ते ‘आटवणं’. बासुंदीचं पुन्हा दूध होत नाही. हा भेद ‘संपीडन’ एका शब्दात पुसून टाकतं, आणि शिकणाऱ्याला नेमका तोच कळायला हवा.

प्रतिसाद

घडी घालून साडीचं वजन कमी होत नाही. इथे बाइट खरोखर घटतात.

प्रतिसाद

मान्य. तेवढं उपमेत बसत नाही. पण ‘उलगडणे’ हे क्रियापद घडीबरोबर आपसूक येतं. ‘विसंपीडन’ कोण बोलेल?

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाम ‘कम्प्रेशन’च ठेवलं, पुढच्या माणसाला बाहेर शोधताना तेच सापडेल. क्रियापदं मात्र मराठी. वाचनालयाच्या वहीत आता असं लिहिलंय :

‘ब्राउझर पान मागतानाच सांगतो की त्याला कोणती घडी उलगडता येते, जीझिप की ब्रॉटली. सर्व्हर तशी घडी घालून पान पाठवतो. ज्याला उलगडता येत नाही त्याला पान जसंच्या तसं जातं. छायाचित्रं आधीच आटवलेली असतात, त्यांची पुन्हा घडी घालू नका. सर्व्हरचा वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.’

आणि हे लिहितानाच एक चूक सापडली. आमच्या एंजिनएक्समध्ये, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीत, ‘जीझिप ऑन’ एवढंच लिहिलं तर फक्त एचटीएमएलची, म्हणजे पानाच्या मूळ मजकुराची घडी पडते. पानाची सजावट सांगणाऱ्या सीएसएसचं आणि पानातल्या हालचाली चालवणाऱ्या जावास्क्रिप्टचं अशी नावं ‘जीझिप टाइप्स’च्या ओळीत वेगळी द्यावी लागतात. आठवडाभर ती दोन्ही आमच्याकडून उघडीच जात होती. आज सकाळी ती ओळ घातली, आणि काकांनी त्यांच्या जुन्या फोनवर ग्रंथयादी उघडून पाहिली.