मावशी जुलैत दुबईला येतेय: हवेचा अंदाज आणि तयारी

नागपूर मावशी: तिकिटं झाली. १२ जुलै ते २ ऑगस्ट. अंदाज वाचला, तिकडे यंदा 'सरासरीपेक्षा जास्त उष्ण' म्हणतात. मोबाइलवर ४१ दिसतंय. आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं बापा, ४१ चं काय कौतुक?

दुबई दादा: मावशी, तो मोसमी अंदाज वाचून बॅगेतला एक कपडाही बदलू नकोस. ती तीन महिन्यांची सरासरी, फरक फार तर अर्ध्या-एक अंशाचा. जुलैत इथे दुपारी ४१ ते ४३ असतंच, रात्री ३० च्या खाली क्वचित जातं. रोज बदलतात ते वारा आणि दमटपणा. ॲपमध्ये खाली 'दवबिंदू' असतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी सुटू लागतं तो आकडा; तो जितका वर तितका दमटपणा जास्त. तो बघत जा. २० च्या आत असेल तर तुझा नागपूरचा मे. २८ च्या वर गेला की मुंबईचा ऑक्टोबर, तोही भट्टीवर ठेवलेला.

अल ऐन मामा: ताई, हिशेबच सांगतो. आमच्याकडे वाळवंटात दुपारी ४६ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धर. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो २५ च्या आसपास येतो. दुबईच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ३८ आणि ६५ टक्के असेल तर तोच थर्मामीटर ३२ ला अडकतो. घाम सुकून अंगाला गारवा मिळतो तो या ओल्या आकड्याच्या हिशेबाने. म्हणून ४६ पेक्षा ३८ जास्त छळतं.

नागपूर मावशी: मग कूलर का नाही लावत तुम्ही लोक? वाळ्याच्या ताट्या आणू का?

अल ऐन मामा: अल ऐनला चालेल. कोरड्या दिवशी चांगला कूलर ४६ ची हवा २८-२९ वर आणतो. किनाऱ्यावर ३८ ची ३३ करेल, तीही चिंब. तासाभरात गाद्या ओलसर लागतील. ताट्या घरीच ठेव.

शारजा वहिनी: मामा, एवढा दमटपणा येतो कुठून तेही सांगा, नाहीतर मावशी 'वाळवंटात कसली ओल' म्हणतील.

अल ऐन मामा: आखात म्हणजे परात आहे. सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, उन्हाळ्यात पाणीच ३२ ते ३५ अंशांवर जातं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ती वाफ थेट किनाऱ्यावर. 'शमाल' म्हणजे इराककडून येणारा वायव्येचा वारा जोरात असला की धूळ उडते, पण दवबिंदू उतरतो. शमाल पडला की ओल साचते. जून-जुलैत धूळ जास्त, ऑगस्ट-सप्टेंबरात ओल जास्त. तू बरोबर मधे येतेस, दोन्ही मिळेल. आणि गंमत बघ, सिंधपासून अरबस्तानापर्यंत उन्हाळ्यात जो कमी दाबाचा पट्टा बसतो, त्याच्या एका अंगाने कोकणात मोसमी वारे ओढले जातात आणि दुसऱ्या अंगाने आमच्याकडे शमाल.

नागपूर मावशी: पहाटे फिरायला जाईन मी, ५ ला.

दुबई दादा: ऊन नसतं, पण आर्द्रता तेव्हाच सगळ्यात जास्त. फार तर २० मिनिटं, तेही शमालच्या दिवशी. बाकी मॉलमध्ये फेऱ्या. दुपारी नकोच. १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करायला कायद्यानेच बंदी आहे, यावरून समज.

शारजा वहिनी: मावशी, घरातल्या दोन गोष्टी. रात्री एसी बंद करून खिडकी उघडायची नाही. बाहेरचा दवबिंदू २८ आणि आपली फरशी २४, म्हणजे पाणी फरशीवरच सुटणार. दहा मिनिटांत पाय चिकटतात. रोज असं झालं की आठवड्याभरात कपाटामागे बुरशी, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव. म्हणून आम्ही गावी जातानाही एसी २६ वर चालू ठेवतो. थंडी वाजली तर तापमान वाढवा, चादर देते, पण खिडकी बंदच.

दुसरं आंघोळीचं. टाकी गच्चीवर, त्यामुळे थंड नळाला चटका बसेल असं पाणी येतं. उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवतो. तो घराच्या गारव्यात असतो, म्हणून त्यातलं पाणी कोमट राहतं. उलटं करायचं: लाल खुणेचा नळ सोडायचा. पण गीझर ५० लिटरचाच आहे. पाणी वापरलं की मागून गच्चीवरचं गरम पाणी त्यात शिरतं, दुसऱ्याला चटका. तुम्ही आधी करा, काकांसाठी रात्रीच बादली भरून ठेवू.

नागपूर मावशी: हे भारी आहे! काकांच्या इन्सुलिनचं काय?

दुबई दादा: हँडबॅगेत, थंड पाऊचमध्ये. चेक-इनमध्ये नको आणि गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही. पॉवर बँक, लायटर, स्प्रे पण गाडीत नाही. काकांची लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घे. जुलाब झालेच तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. काकांना मात्र साखर बघून.

नागपूर मावशी: आणि डोंगरात न्याल ना? तिथे पाऊस पडतो ऐकलं.

अल ऐन मामा: पडतो. जुलै-ऑगस्टात 'हजर' नावाच्या डोंगररांगेवर दुपारी ढग चढतात, तासभर धो-धो. पण कोरडी वाटणारी वादी, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचं पात्र, वर पडलेल्या पावसाने मिनिटांत भरते, आपल्या डोक्यावर ऊन असतानाही. वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ ब्लॅक पॉइंट (दंडाचे गुण), गाडी ६० दिवस जप्त. ढग चढलेले दिसले तर बेत रद्द. निघण्याआधी टायर गार असताना हवा तपासू. रस्ता तापला की दाब आपोआप ४-५ पीएसआय चढतो, तेव्हा हवा काढायची नसते.

दुबई दादा: मावशी, विमान पहाटे ४ ला उतरतंय. एअरपोर्टच्या दारातून बाहेर आलीस की चष्मा पांढराफटक होईल. ओढणीने पुसू नकोस, धुळीने ओरखडे पडतात. मिनिटभर तिथेच थांब, काच तापली की आपोआप निवळेल. मी समोरच उभा असेन.