संत्र्यासाठी जमीन: रिपोर्ट चांगला, पण खाली चुनखड असेल तर?

वावर_वरूड: मंडळी, वरूड तालुक्यात 4 एकर काळी जमीन आहे, पुढच्या पावसाळ्यात संत्रा लावायचाय. माती तपासली, सामू (pH) 7.9 आला. पण बाजूचे काका म्हणतात, "खाली चुनखड हाय, झाडं पिवळी पडतीन." रिपोर्टात तर चुनखडीचं नावच नाही. लावू की नको?

मुरूम_माती: भाऊ, नमुना किती खोल घेतला?

वावर_वरूड: वीतभर. तसाच घेतात ना?

मुरूम_माती: तो कपाशी-सोयाबीनसाठी झाला. फळबागेला 0-30, 30-60, 60-90 सेंमी असे वेगळे नमुने द्या आणि मुक्त चुना तपासायला आवर्जून सांगा. 10 टक्क्यांच्या वर गेला तर संत्र्याचा नाद सोडा. चुन्यामुळे लोह-जस्त झाडाला लागत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

पण पैसे भरण्याआधी मीटरभर खोल खड्डा घ्या, एक भिंत खुरप्यानं खरवडा. काळा थर कुठं संपतो, पांढरे खडे किती खोलीवर सुरू होतात, मुरूम कुठं लागतो, सगळं दिसतं. शंका असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसलं की चुना. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात कॅल्शियम भरपूर. तो झिजून माती होते तेव्हा कॅल्शियम सुटतं, पण आपल्याकडचा पाऊस ते पार धुऊन न्यायला पुरत नाही, म्हणून खालच्या थरात साचतं. महाबळेश्वराला दगड हाच, पाऊस कितीतरी पट जास्त, म्हणून तिथं लाल जांभा.

निचरा_आधी: चुन्याइतकंच पाण्याचं बघा. खड्डा पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं दिसलं तर डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण. काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, मग पाणी खाली सरकत नाही. खड्ड्याच्या भिंतीत तिरपे, घासून गुळगुळीत झालेले चकाकते पृष्ठ दिसले तर ओळखा, माती दरवर्षी फुगते-आकसते. उन्हाळ्यात त्याच भेगांत बारीक मुळं तुटतात.

बहार_ताण: आणि फार खोल काळीवर आंबिया बहाराचा ताणच (फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणं) नीट बसत नाही, ओल मुरलेली राहते. लोक मात्र "काळी कसदार" ऐकून तीच विकत घेतात! खाली मऊ मुरूम असलेली मध्यम जमीन मी कधीही पसंत करीन.

वावर_वरूड: एक खड्डा पुरंल का? आणि कलमं जंबेरी खुंटावरचीच मिळतात इकडं.

मुरूम_माती: नाही. उतारावर वर, मध्ये, खाली असे तीन घ्या. वरची माती वाहून खाली साचते, त्यामुळे एकाच वावरात वर फूटभर आणि खाली पुरुषभर काळी निघते. चुना थोडाफार निघाला तर रंगपूर लाइम खुंटावरची कलमं शोधा, ती जंबेरीपेक्षा बरी सोसतात. खालचा तुकडा तुंबणारा निघाला तर तेवढ्यात तूर-कपाशीच ठेवा, चारी एकर संत्रा लावलाच पाहिजे असं कुठंय?